आखूड बॅकस्विंग, पूर्ण वळण : सर्वसाधारण गोल्फपटूसाठी सविस्तर मार्गदर्शन

बॅकस्विंगमध्ये, म्हणजे क्लब (गोल्फची काठी) मागे नेण्याच्या हालचालीत, चेंडू मारला जात नाही. तरीही १८ ते २८ हँडिकॅपच्या (मैदानाच्या ठरलेल्या फटक्यांपेक्षा खेळाडूला साधारण किती जादा लागतात तो आकडा) दरम्यान वर्षानुवर्षे अडकून पडलेल्या खेळाडूचे बरेचसे फटके क्लब मागे नेतानाच बिघडलेले असतात आणि चेंडूपाशी त्याचा फक्त निकाल लागतो. क्लब खाली चेंडूवर आणणाऱ्या डाउनस्विंगला साधारण पाव सेकंद लागतो. एवढ्या वेळात विचार करून काही दुरुस्त करणे कोणालाही शक्य नसते. बॅकस्विंगला मात्र त्याच्या सुमारे तिप्पट वेळ मिळतो, तो सावकाश करता येतो, आरशात पाहता येतो आणि वाटेल तिथे थांबवून तपासताही येतो. सुधारणेला खरा वाव आहे तो इथेच.

सर्वसाधारण खेळाडूच्या बॅकस्विंगचे दुखणे एका वाक्यात सांगायचे तर क्लब भरपूर मागे जातो, पण अंग वळत नाही. हात खांद्यांना मागे टाकून पुढे निघून जातात, डावे कोपर दुमडते, मनगटे ढिली पडतात आणि ड्रायव्हरचे (सर्वांत लांब फटक्याच्या क्लबचे) डोके मानेमागून खाली झुकते. पाहणाऱ्याला हा मोठा, जोरकस स्विंग वाटतो. प्रत्यक्षात खांदे काटकोनाच्या बरेच अलीकडे थांबलेले असतात. अशा अवस्थेतून खाली येताना कामाला उरतात ते फक्त हात. ते बाहेरच्या बाजूने चेंडूवर येतात, क्लब लक्ष्यरेषेला (चेंडूपासून लक्ष्याकडे जाणाऱ्या रेषेला) आडवा छेद देतो आणि चेंडू उजवीकडे वळत झाडीत जातो. हाच स्लाइस. म्हणून पुढच्या सर्व पायऱ्यांचा रोख एकच आहे : वळण वाढवायचे आणि क्लबचा प्रवास कमी करायचा. (सगळे वर्णन उजव्या हाताने खेळणाऱ्यांसाठी आहे, डावखुऱ्यांनी बाजू उलट कराव्यात.)

आपल्याकडे या दोषाला आणखी एक कारण आहे. गोल्फकडे वळलेल्या अनेकांच्या हातात आधी क्रिकेटची बॅट असते. बॅट्समनकडे चेंडू वेगाने येतो, त्याचा टप्पा पाहून फटका ठरवायचा असतो, त्यामुळे बॅकलिफ्ट हातांनी उचललेली आणि थोडक्यात आटोपणारी असते. शरीर आधीच पिळून बसले तर उशीर होतो. गोल्फचा चेंडू मात्र जागेवर पडलेला असतो. त्याच्याकडून उसना वेग मिळत नाही. सगळा वेग स्वतःच निर्माण करावा लागतो आणि तो धड वळल्याने येतो. क्रिकेटमध्ये मुरलेल्या माणसाला क्लब ‘उचलण्या’ची सवय सोडून ‘वळण्या’ची सवय लावणे जड जाते, हे प्रशिक्षकांनी आणि स्वतः खेळाडूनेही आधीच गृहीत धरलेले बरे.

मोठ्या खेळाडूंची नक्कल करून हा प्रश्न सुटत नाही. जिम फ्युरिकचा क्लब जवळजवळ उभा वर जातो आणि वळसा घेऊन खाली येतो. त्याच स्विंगने त्याने २००३ ची यूएस ओपन जिंकली आणि २०१६ मध्ये पीजीए टूरवर एका फेरीत ५८ फटक्यांची नोंद केली. जॉन राम उजव्या पायात जन्मजात व्यंग घेऊन जन्माला आला. त्याचा बॅकस्विंग जमिनीला समांतर होण्याच्या बराच आधी संपतो, आणि तरी तो जगातल्या लांब मारणाऱ्यांपैकी एक आहे. या दोघांत दिसायला काहीही साम्य नाही. साम्य एवढेच की दोघांचेही धड पूर्ण वळते आणि क्लबचा चेहरा, म्हणजे चेंडूवर आदळणारी बाजू, ताब्यात असतो. घ्यायचे ते एवढेच घ्यावे.

आधी स्वतःला पाहा

आपण काय करतो हे खेळणाऱ्याला स्वतःला कळत नाही. त्याला जे जाणवते आणि जे घडते त्यांत मोठे अंतर असते. म्हणून पहिले काम मोबाइलवर चित्रण करण्याचे. दोन बाजूंनी करावे : एकदा समोरून, छातीच्या रोखाने, आणि एकदा मागून, म्हणजे लक्ष्य पुढे दिसेल अशा बाजूने. मोबाइल हातांच्या उंचीवर असावा. मागून घेताना तो लक्ष्यरेषेला समांतर आणि दोन्ही हातांच्या ओळीत ठेवावा. तो थोडा जरी डावी-उजवीकडे सरकला तरी क्लब प्रत्यक्षापेक्षा जास्त आत किंवा बाहेर गेलेला दिसतो, आणि नसलेल्या दोषावर उपचार सुरू होतात. सेव्हन आयर्नचे (मध्यम अंतराच्या क्लबचे) पाच-सहा फटके घ्यावेत. सर्वांत चांगला फटका जपून ठेवण्याचा मोह टाळावा. नेहमीचा फटका पाहावा.

यानंतर शरीर किती वळू शकते ते तपासावे. पाठीला न टेकता खुर्चीवर ताठ बसावे, गुडघे एकत्र ठेवावेत, क्लब छातीवर आडवा धरून दोन्ही हातांची घडी त्यावर घालावी आणि गुडघे न हलवता उजवीकडे वळावे. खुर्ची घरातल्या चौकोनी फरशीच्या रेषेला धरून ठेवली तर मोजमाप आयतेच मिळते, कारण फरशीचा कर्ण बरोबर ४५ अंशांचा असतो. क्लब त्या कर्णाला समांतर झाला तर धड पुरेसे वळते आहे. तेवढे होत नसेल तर दोन गोष्टी कराव्यात : रोज काही मिनिटे हाच व्यायाम हळूहळू करावा आणि तोवर स्विंगमध्ये कमरेला जास्त मोकळीक द्यावी. मणक्याचे जुने दुखणे असेल तर आधी डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्टचा सल्ला घ्यावा आणि मगच या वाटेला जावे.

पकड आणि पवित्रा

बॅकस्विंग बिघडण्याचे मूळ अनेकदा पकडीत असते, आणि ही गोष्ट बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. क्लबची मूठ डाव्या तळव्यात आडवी धरली की मनगट वर मोडत नाही. मनगट मोडत नाही म्हणून क्लबला उंची मिळत नाही, आणि ती मिळवण्यासाठी कोपर दुमडते. खेळाडू मग कोपरावर वर्षभर मेहनत घेतो. मूठ बोटांत धरावी : करंगळीच्या मुळापासून तर्जनीच्या मधल्या पेरापर्यंत ती तिरपी जावी आणि तळव्याची टाचेकडची गादी तिच्यावर बसावी. वरून पाहिल्यावर डाव्या हाताचे दोन ते तीन सांधे दिसावेत आणि अंगठा व तर्जनी यांच्यामधली खाच उजव्या खांद्याकडे रोखलेली असावी. दाब एवढाच असावा की दंडापर्यंत ताण चढणार नाही.

पवित्र्यात वाकायचे ते कमरेच्या सांध्यातून. पाठ गोल करू नये आणि गुडघे फार मोडू नयेत. हात खांद्यांपासून सरळ खाली लोंबावेत. मुठीचे टोक आणि मांडी यांत साधारण चार बोटांचे अंतर राहते. वजन टाचेवर किंवा चवड्यावर न जाता बुटाच्या नाडीखाली असावे. उजवे पाऊल १५ ते २० अंश बाहेर उघडावे. एवढ्याशा बदलाने कमरेला वळायला मोकळी जागा मिळते, आणि चाळिशीनंतरच्या खेळाडूला तर याइतका स्वस्त उपाय दुसरा नाही.

पहिला दीड फूट

क्लब चेंडूपासून निघतो तो पहिला दीड फूट उरलेल्या सगळ्या स्विंगची दिशा ठरवतो. इथे छाती, हात आणि क्लब एकत्र निघायला हवेत. दोन्ही हात आणि खांद्यांची रेषा मिळून जो त्रिकोण तयार होतो तो मोडू द्यायचा नाही आणि मनगटे अजून वापरायची नाहीत. सर्वाधिक आढळणारी चूक म्हणजे उजवा हात क्लबला झटक्याने आत, शरीरामागे ओढतो आणि कोपराखालचा डावा हात गोल फिरतो. क्लबचा चेहरा आभाळाकडे उघडतो, क्लब कमरेभोवती सपाट जातो आणि पुढे जायला वाटच न उरल्याने हात तिथून सरळ वर उचलले जातात. मघाशी सांगितलेला स्लाइस इथूनच सुरू होतो.

शाफ्ट (क्लबचा दांडा) पहिल्यांदा जमिनीला समांतर होतो तिथे थांबून तीन गोष्टी पाहाव्यात. शाफ्ट लक्ष्यरेषेलाही समांतर हवा. मागून घेतलेल्या चित्रणात क्लबचे डोके हातांवर झाकलेले किंवा किंचित बाहेर दिसायला हवे. हातांच्या मागे गेलेले दिसले तर तो आत ओढला गेला आहे. आणि क्लबच्या चेहऱ्याची खालची धार पाठीच्या कलाशी जुळती, म्हणजे टोक सरळ वर नाही तर चेंडूकडे जरासे झुकलेले, असावी. ते टोक मागे कलून चेहरा वर पाहत असेल तर कोपराखालचा हात गोल फिरला असे समजावे.

यावरचा सोपा सराव असा. क्लबच्या डोक्यामागे, लक्ष्यरेषेवर, दुसरा चेंडू टेकवून ठेवावा आणि क्लब मागे नेताना तो चेंडू सरळ मागे ढकलावा. क्लब आत ओढला तर तो चेंडू पायांकडे घरंगळतो किंवा क्लब त्याला सोडून निघून जातो. उचलला तर चेंडू जागेवरच राहतो. चूक कोणती झाली हे दुसऱ्या कोणी सांगावे लागत नाही.

मनगटांचा काटकोन

त्रिकोण मांडीच्या पुढे सरकला की मनगटे मोडायला सुरुवात होते. डावा हात जमिनीला समांतर होईपर्यंत तो हात आणि शाफ्ट यांच्यात जवळजवळ काटकोन व्हावा. हा काटकोन झाला की पुढे क्लबला वर नेण्यासाठी हातांनी काही करावे लागत नाही. उरते फक्त वळायचे.

क्लब योग्य तिरकसपणात आहे का हे पाहायला मुठीच्या टोकावरच्या बारीक छिद्रात एक टी (चेंडू टेकवायची छोटी खुंटी) खोचावी. काटकोनाच्या जागी थांबल्यावर ही टी चेंडू आणि पायांची बोटे यांच्यामधल्या जमिनीकडे, शक्यतो चेंडूच्या जवळ, रोखलेली असावी. ती पायांच्या बोटांकडे पाहत असेल तर क्लब फार उभा आहे. चेंडूच्या पलीकडे दूर पाहत असेल तर फार सपाट.

ज्यांना मनगट केव्हा मोडावे हे उमगतच नाही त्यांनी क्रम उलटा करावा. पवित्र्यात उभे राहून आधी हात जागेवर ठेवत फक्त मनगटे मोडून क्लब वर घ्यावा, आणि मग खांदे वळवावेत. खांदे पूर्ण वळले की आपण टॉपवर, म्हणजे बॅकस्विंगच्या शेवटच्या बिंदूवर, पोहोचलेले असतो. बॅकस्विंगमध्ये हातांचे काम मुळात किती थोडे आहे, हे या सरावाइतके स्पष्ट दुसऱ्या कशानेही होत नाही.

वळण म्हणजे नेमके काय

व्यावसायिक खेळाडूंचे खांदे टॉपवर साधारण ९० अंश आणि कंबर ४५ अंश वळलेली असते. हौशी खेळाडूने खांद्यांच्या ७५-८० अंशांवरही समाधान मानायला हरकत नाही, पण ते वळणच हवे, सरकणे नव्हे. सरकणे म्हणजे कंबर उजवीकडे बाहेर जाणे आणि वजन उजव्या पावलाच्या बाहेरच्या कडेवर पडणे. उजव्या नितंबाला अगदी लागून गोल्फ बॅग उभी करावी आणि बॅकस्विंग करावा. बॅग ढकलली गेली तर आपण सरकलो. वळताना उजवा नितंब बाजूला न जाता मागे जातो. भिंतीकडे पाठ करून, तिच्यापासून दोन बोटे अंतरावर, छातीवर हातांची घडी घालून उभे राहावे; उजवीकडे वळताना उजवा नितंब भिंतीला टेकायला हवा आणि डावा तिच्यापासून दूर जायला हवा. वजन उजव्या टाचेकडे आणि पावलाच्या आतल्या बाजूला जाणवते. उजवा गुडघा थोडा सरळ होतो. होऊ द्यावा, फक्त तो मागे ताठ अडकू नये.

डावा खांदा सपाट फिरत नाही, तो हनुवटीखाली खाली येतो. खांद्यांवर क्लब आडवा धरून वळल्यावर त्याचे डावे टोक चेंडूच्या आसपासच्या जमिनीकडे झुकलेले असावे. ते समोरच्या झाडांकडे रोखले असेल तर आपण उभे राहिलो. याउलट, कंबर मुळीच न वळवता फक्त खांदा खाली दाबला तर धड लक्ष्याकडे कलते आणि टॉपवर वजन डाव्या पायावरच राहते. यातून फटका तर जातोच, शिवाय कमरेवर नको तो भार येतो.

कंबर रोखून धरा आणि खांदे पिळा, हा सल्ला सर्रास दिला जातो. विशीतल्या लवचिक खेळाडूला त्याने फायदा होत असेल, पण दिवसभर खुर्चीत बसून शनिवारी सकाळी खेळायला येणाऱ्या माणसाला तो देऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. कंबर मोकळी सोडावी आणि गरज पडल्यास डावी टाच थोडी उचलू द्यावी. जुन्या काळातले दिग्गज बॉबी जोन्सची टाच उचलली जात असे, जॅक निकलसचीही जात असे, आणि निकलसच्या नावावर १८ मेजर (गोल्फच्या प्रमुख स्पर्धांची) विजेतेपदे आहेत.

डोक्याविषयीही असाच गैरसमज आहे. फटका बिघडला की कॅडी (क्लबची बॅग वाहणारा मदतनीस) हमखास म्हणतो, “सर, हेड अप.” डोके वर आलेले असते हे खरे, पण बहुधा ते कारण नसून परिणाम असतो, धड वळण्याऐवजी उभे राहिले की डोके त्याच्याबरोबर वर येणारच. डोके जागेवर खिळवून ठेवण्याचा प्रयत्न केला तर वळणच बंद पडते. दोन-तीन सेंटिमीटर उजवीकडे ते सरकले तर बिघडत नाही. निकलसला लहानपणी त्याचे गुरू जॅक ग्राउट यांनी केस धरवून डोके स्थिर ठेवायला शिकवले, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. तोच निकलस स्विंग सुरू करण्याआधी हनुवटी किंचित उजवीकडे वळवत असे, याचा उल्लेख मात्र फारसा होत नाही. त्या हालचालीने डाव्या खांद्याला हनुवटीखालून जायला वाट मिळते. ज्याचा खांदा हनुवटीवर अडतो त्याने ती जरूर उचलावी.

टॉपवर कुठे थांबायचे

खांदे थांबले की हात थांबले पाहिजेत. ड्रायव्हरचा शाफ्ट जमिनीला समांतर झालाच पाहिजे असा कोणताही नियम नाही. सेव्हन आयर्नचा तर त्याच्या बराच अलीकडे थांबलेला चांगला. डावा हात लांब असावा, पण काठीसारखा ताठ नको. ओपन चॅम्पियनशिप सहा वेळा जिंकणाऱ्या हॅरी वॉर्डनचे डावे कोपर टॉपवर चांगलेच वाकत असे. वाकलेले कोपर वेळेत सरळ करण्याचे कसब आपल्यात नसते एवढाच फरक. हातांची धाव आवरण्यासाठी ग्लव्ह काढून डाव्या काखेत धरावा आणि तो न पाडता पाऊण लांबीचे फटके मारावेत.

टॉपवर सर्वांत महत्त्वाचे आहे ते डावे मनगट. त्याची मागची बाजू कोपरापर्यंत जवळजवळ सपाट असावी. मनगट मागे वाकले की ग्लव्हच्या पट्टीजवळ चामड्याला आडव्या सुरकुत्या पडतात. त्या सुरकुत्या चित्रणात दिसल्या की क्लबचा चेहरा उघडला असे खुशाल समजावे, आणि चेंडू कोणत्या दिशेने सुटणार हे मुख्यतः चेहराच ठरवतो. उपाय शाळेच्या दप्तरात सापडतो : १५ सेंटिमीटरची प्लास्टिकची पट्टी ग्लव्हच्या आत मनगटाच्या मागच्या बाजूने सरकवावी, अर्धी हातावर आणि अर्धी मनगटावर येईल अशी. मनगट मागे वाकले की पट्टी लगेच टोचते. पट्टी लावून सावकाश, चेंडूशिवाय सराव करावा. पूर्ण जोराचा फटका मारू नये.

ताल

चांगल्या खेळाडूंमध्ये बॅकस्विंग आणि डाउनस्विंग यांच्या वेळेचे प्रमाण ३ : १ च्या जवळपास आढळते, मग स्विंग जलद असो की संथ. सेकंदाला ३० फ्रेम घेणाऱ्या साध्या चित्रणावर हे मोजता येते. क्लब हलल्यापासून टॉपपर्यंत २४ फ्रेम आणि तिथून चेंडूपर्यंत ८, हे उत्तम प्रमाण. २७ आणि ९ सुद्धा चालेल. “सावकाश मागे न्या” हा सल्ला अति पाळणाऱ्यांचा आकडा ४० च्या पुढे जातो आणि मग टॉपवरून हात झडप घालतात. मनात समान अंतराने मोजावे : निघताना एक, टॉपवर चार, चेंडूवर पाच. सुरुवातीला ही मोजणी फार भरभर वाटते, पण तिचा वेग तसाच असतो.

सराव

पहिले दोन आठवडे घरी, आरशासमोर, चेंडूशिवाय. फ्लॅटमध्ये छताचा पंखा बंद करून, वेज (आखूड क्लब) उलटा धरून, म्हणजे डोक्याच्या बाजूने पकडून, सराव केला तर घरच्यांचीही हरकत राहत नाही. समांतर शाफ्ट, मनगटांचा काटकोन आणि टॉप या तीन जागी प्रत्येकी दोन सेकंद थांबावे.

रेंजवर (सरावाच्या मैदानावर) गेल्यावर तीन वेळा चेंडूशिवाय आणि एकदा चेंडूसह, हे प्रमाण पाळावे आणि वेग निम्मा ठेवावा. शंभर चेंडूंची बादली अर्ध्या तासात संपवणाऱ्याची जुनी सवयच पक्की होते. आपल्याकडच्या अनेक रेंजवर मॅटवरून खेळावे लागते, आणि मॅट एक गोष्ट लपवते : क्लब चेंडूच्या दोन इंच मागे आदळला तरी तो घसरत चेंडूपर्यंत पोहोचतो आणि फटका बरा वाटतो. अधूनमधून गवतावरून मारून पाहावे. पावसाळ्यातली भिजलेली जमीन या बाबतीत काहीही झाकून ठेवत नाही. एका वेळी एकच पायरी घ्यावी आणि ती चित्रणात दिसू लागल्याशिवाय पुढची घेऊ नये. ड्रायव्हर सर्वांत शेवटी काढावा.

बॅकस्विंग आखूड केल्यावर सुरुवातीला थोडे अंतर कमी होईल. बहुतेक जण याच टप्प्यावर घाबरून जुन्या स्विंगकडे परततात. क्लबच्या मध्यभागी लागलेल्या चेंडूंची संख्या वाढू लागली की अंतर भरून येते, कारण चेहऱ्याच्या कडेला लागलेल्या चेंडूचा वेग मुळातच पडलेला असतो.

मैदानावर या सगळ्यातली फक्त एक सूचना सोबत न्यावी. सरकणाऱ्याने “उजवा नितंब मागे”, उचलणाऱ्याने “छाती आधी” आणि घाई करणाऱ्याने मोजणी. फेरी मध्येच बिघडली तर स्विंगची चिरफाड तिथे करू नये. पुढच्या तीन-चार होलवर एक क्लब मोठा घ्यावा, एट आयर्नच्या जागी सेव्हन, आणि डावा हात जमिनीला समांतर होईपर्यंतच मागे नेऊन छाती पूर्ण वळवून मारावे.